नंबर आल्याशिवाय बोलू नये

दवाखान्याच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं बसलेल्या बाईला सहसा किळस येत नाही. समोरचा माणूस कट्ट्यावर भडाभडा ओकला तरी ती आधी आपलं रजिस्टर उचलते, मग फडकं शोधते. रक्त, पू, थुंकी, पोरांचं हगणं-मुतणं, सगळं बघून झालेलं असतं. म्हणून त्या दिवशी जनसुनावणीहून घरी आल्यावर नंबरताई मोरीत तोंड धुता धुता तीनदा "शी! शी! शी!" म्हणाली, तेव्हा तिच्या भावानं बाहेरूनच विचारलं, "काय गं, पाल पडली का अंगावर?"

"पाल परवडली," ती म्हणाली. "अंघोळ केली की संपतं."

आता ही किळस कुठून आली ते सांगायचं तर आधी तिची खिडकी सांगायला हवी.

नंबरताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गावानं ठेवलं, आणि गावानं ठेवलेलं नाव माणसाला मरेपर्यंत पुरतं. ती सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत बसायची. सकाळी आठला खिडकीची फळी वर जायची. माणूस आला की त्याच्या हातात आधी एक पितळी बिल्ला पडायचा, त्यावर नंबर कोरलेला. एक ते दीडशे. नंबर पुकारला की खिडकीशी यायचं. मग ताई केसपेपरवर लिहायची: नाव, वय, काय त्रास होतोय, कधीपासून. शेवटी खोलीचा नंबर टाकायची की झालं.

ती यायच्या आधी तिथं नुसता बाजार होता म्हणे. ज्याचं कोपर दणकट त्याचा डॉक्टर. म्हाताऱ्याकोताऱ्या बिचाऱ्या भिंतीला लागून दुपारपर्यंत उभ्या. ताईनं ते सगळं मोडून काढलं. तिचे नियम दोनच. पहिला, नंबर आल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरा, ज्याचा नंबर आज लागला नाही त्यानं बिल्ला घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणायचा, त्याला सगळ्यात आधी आत सोडलं जाईल. या दुसऱ्या नियमामुळेच लोक पहिला पाळायचे. आपला नंबर वाया जात नाही याची खात्री असली की माणूस गप्प बसतो. फौजदार आला तरी त्याला बिल्ला घ्यावा लागे. एकदा आमदाराचा मेहुणा "ओळखलं नाही का मला?" म्हणत पुढं घुसला, तर ताई म्हणाली, "ओळखलं ना. तुम्ही बेचाळीस नंबर." संध्याकाळी रोज ती परत आलेले बिल्ले साबणाच्या पाण्यात धुवायची, पुसायची आणि मोजून डब्यात ठेवायची. अठ्ठावीस वर्षांत एक बिल्ला हरवला नव्हता. याचा तिला केवढा गर्व! आणि का नसावा?

खिडकीवर एक पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं: "नंबर आल्याशिवाय बोलू नये." ती रंगवली होती तिच्या धाकट्या भावानं. तो पेंटर. गावातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरानं बोलायची. बायको गेल्यावर तो ताईकडेच राहायला आला. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे मोरी, आणि खाटेखाली रंगाचे डबे. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा त्याला मशीनवर जावं लागे.

मशीनची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. चार खाटा, चार मशीन, आणि खिडकीतून दिसायच्या वाळत घातलेल्या चादरी. पेंटरनं पहिल्याच महिन्यात भिंतीवर चारही खाटांचे आकडे सुरेख रंगवून दिले, कारण आधीचे खडूचे आकडे बघून त्याला म्हणे मळमळायचं. चार तास तो तिथं पडून असायचा. रक्त बाहेर जायचं, धुऊन परत यायचं. उठला की पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा व्हायचा. मग ताई खिडकी बंद करून यायची, त्याचा दंड धरायची आणि दोघं आठ मिनिटांची वाट वीस मिनिटांत चालून घरी जायची. वाटेत दोनदा टेकायचं. एकदा शिंप्याच्या ओट्यावर, एकदा नळाजवळ.

अशात बातमी आली की दवाखान्याच्या सेवांचं म्हणे सुसूत्रीकरण व्हायचंय. हा शब्द आला की समजावं, काहीतरी काढून घेणार आहेत. मशीनची खोली आणि बाळंतपणाची खोली, दोन्ही साठ किलोमीटरवरच्या नव्या मोठ्या दवाखान्यात हलवायची होती. पण त्याआधी लोकांना विचारणार होते. रीतसर जनसुनावणी, दवाखान्याच्याच मोठ्या हॉलमध्ये.

मशीनच्या खोलीतली सिस्टर तशी फटकळ. तिनं ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, गोड बोलून उपयोग नाही. या माणसाला आठवड्यातून तीनदा एवढा प्रवास झेपणार नाही. जायला दोन तास, यायला दोन तास. एखाद दिवस बस चुकली तर अंगात पाणी साठेल, दम लागेल. तुम्ही सुनावणीत बोला."

"मी नोकरीतली बाई, मला बोलता येत नाही," ताई म्हणाली. "पण पेंटर बोलेल. बोलेल म्हणजे काय, बोलणारच."

सुनावणीच्या आठ दिवस आधी समितीचे साहेब दवाखाना बघायला आले. शर्ट कडक, चेहरा हसरा. ते ताईच्या खिडकीपाशी चांगले अर्धा तास उभे राहिले. बिल्ला हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला, वाहवा केली, मग खिशातून छोटी बाटली काढून दोन्ही हात खसाखसा चोळले. ताईला वाटलं, माणूस स्वच्छतेचा आहे. असं बघा, भुलायचं ठरवलं की माणसाला काहीही दिसतं.

"ताई, मी पन्नास दवाखाने पाहिले," साहेब म्हणाले. "अशी शिस्त कुठं नाही. सुनावणीत आपण तुमचीच पद्धत वापरू या का? ज्याला बोलायचंय त्याला बिल्ला. नंबरानं बोलायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. सगळं तुमच्या हातात."

अठ्ठावीस वर्षांत कुणी साहेब तिला 'तुमच्या हातात' म्हणाला नव्हता. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी! घरी येऊन तिनं भावाला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा तो म्हणाला, "कळलं, कळलं. पन्नास दवाखाने."

जाता जाता साहेब एवढंच म्हणाले होते, "पहिले सहा बिल्ले तेवढे बाजूला ठेवा. पाहुण्यांसाठी." ताईनं ठेवले. पाहुण्यांना आधी, यात काय वावगं?

पेंटरनं मात्र तयारी जोरात केली. त्यानं एक मोठा पुठ्ठा घेतला आणि आपलं भाषण त्यावर ब्रशनं लिहून काढलं, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ताईला आरशासमोर उभं करून त्यानं ते तिला म्हणून दाखवलं. आरशात स्वतःला बघत बोलायची त्याला लाज वाटत होती, म्हणून ताईनं आरसा झाकून उभं राहायचं. "साहेब, मी पाट्या रंगवतो. मशीनवरून उठलो की मला चाळीस पावलं धड चालवत नाही. साठ किलोमीटर मी कसा जाऊ? मशीन इथंच ठेवा. मी तुमच्या दवाखान्याच्या सगळ्या पाट्या फुकट रंगवून देईन."

"शेवटचं कशाला?" ताई म्हणाली. "लाच दिल्यासारखं वाटतं."

"राहू दे गं. तेवढंच आहे माझ्याकडं."

सुनावणीच्या दिवशी हॉल गच्च भरला. बाळंतपणाची खोली जाणार म्हणून पोटुशा बायका आल्या होत्या, त्यांच्या सासवा आल्या होत्या. भाजीवाली आली होती, तिचा नवरा तीन नंबरच्या खाटेवर असायचा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आले होते, एक नंबरच्या खाटेवरचे. ताई दाराशी डबा घेऊन उभी. चौसष्ट जणांनी बिल्ले घेतले. पेंटर जेवण अर्धं टाकून सगळ्यात आधी येऊन बसला होता. त्याला सात नंबर मिळाला. पाय सुजल्यामुळे चपलेचा अंगठा तुटायला आला होता, आणि मांडीवर पुठ्ठा.

सहा पाहुणे एकाच गाडीतून आले. त्यांना बिल्ले देताना ताईला एक गोष्ट खटकली. या सहांपैकी एकाचाही केसपेपर तिनं कधी लिहिला नव्हता. गावातला असा माणूस नव्हता जो अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी तिच्या खिडकीशी आला नाही. हे सहा कुठून उपटले? पण गर्दी होती, डबा सांभाळायचा होता. विचार आला तसा गेला.

साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. तासभर दाखवली. वर आणखी वीस मिनिटं दाखवली. बाण वर जाणारे, बाण खाली येणारे, आणि एका चित्रात नव्या दवाखान्यासमोर गवतावर हसणारं एक कुटुंब. त्या कुटुंबात आजारी कोण ते काही कळत नव्हतं. मग साहेब म्हणाले, "आमच्या पाहणीनुसार शंभरातल्या एक्याऐंशी रुग्णांना प्रवासाची काहीच अडचण नाही."

पेंटर ताडकन उभा राहिला. सुजलेल्या पायांवर, पुठ्ठा हातात धरून. "अहो साहेब, कुणाला विचारलंत? चार खाटा आहेत तिथं, चौघंही इथं बसलोय. आम्हाला तर कुणी..."

सगळा हॉल त्याच्याकडं वळला. मास्तर उठायच्या बेतात होते, त्यांनी खुर्चीचे हात धरलेसुद्धा. भाजीवालीनं "खरंय, खरंय" म्हणायला तोंड उघडलं. एवढं एक वाक्य पुरं झालं असतं ना, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

पण दाराशी नंबरताई उभी होती. सगळ्या गावादेखत तिचा सख्खा भाऊ रांग मोडत होता. उद्या कुणी म्हटलं असतं, घरच्याला वेगळा न्याय. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीतला तो आवाज काढला. "पेंटर, नंबर! तुझा सात आहे. आल्यावर बोल."

हॉल हसला. पेंटरही ओशाळून हसला आणि खाली बसला. मास्तरांनी खुर्चीचे हात सोडले. साहेबांनी ताईकडं बघून मान तुकवली, शाबास म्हटल्यासारखी.

मग पाहुण्यांचे नंबर सुरू झाले. एक नंबर अँब्युलन्सचा ठेकेदार, तो म्हणाला बदल झाला तर जनतेचं भलं होईल. दोन नंबरनं साहेबांचं कौतुक केलं. तीन नंबरनं दोन नंबरशी सहमती दाखवली. तीन मिनिटांचा नियम होता ना? पाच नंबर अकरा मिनिटं बोलला. सहा नंबर तर हवापाण्यावर गेला. चौसष्ट माणसं हातात बिल्ला धरून चिडीचूप बसलेली. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. कशाला उठतील? नंबर येणारच होता. ताईच्या हातचा बिल्ला होता तो, आजवर कधी वाया गेला नव्हता. पेंटर पुठ्ठा नीट करत होता, घसा खाकरत होता.

सहा नंबर खाली बसला तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. "वेळ संपली. आपण सगळ्यांनी फार शांतपणे सहभाग घेतलात, धन्यवाद. उरलेली मतं लेखी पाठवा." आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

पेंटर अर्धवट उठलेला तसाच राहिला. त्यानं ताईकडं बघितलं. रागानं नव्हे हो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पुढं काय करायचं ते ताईला माहीत असणार, अशा नजरेनं बघितलं.

साहेब बाहेर जाताना लोक वाटेत उभे होते. पेंटरनं हात पुढं केला. साहेबांनी तो हसून हातात घेतला, सोडला, आणि गाडीत बसायच्या आधीच खिशातली ती छोटी बाटली काढली. ताईनं ते बघितलं. तेव्हा तिला कळलं की त्या दिवशी खिडकीशी बिल्ला ठेवल्यावर ते हात का चोळत होते. भावाचा दंड धरून ती तडक घरी गेली आणि मोरीत शिरली. ते शी शी शी तिथलं. पण खरं सांगायचं तर त्यातलं एकच साहेबांसाठी होतं. बाकीची दोन्ही तिनं स्वतःला म्हटली.

रात्री तिनं बिल्ले धुतले नाहीत. धुवायला होतेच कुठं? लोकांनी परत दिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं फळी वर केली तर समोर अख्खी रांग. भाजीवाली पुढं. तिनं कट्ट्यावर बिल्ला ठेवला, एकवीस नंबरचा. "ताई, काल लागला नाही. आज कुठल्या खोलीत बसलेत ते साहेब?"

ताईला आधी कळेचना. मग तिनं रांगेकडं नजर टाकली. प्रत्येकाच्या हातात कालचा बिल्ला. मास्तर, पोटुशा बायका, त्यांच्या सासवा. ज्याचा नंबर आज लागला नाही तो उद्या सगळ्यात आधी! अठ्ठावीस वर्षांचा नियम. या भोळ्या माणसांना वाटलं होतं की सुनावणीलाही तोच लागू आहे. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकत टेकत, सात नंबर घेऊन तिचा भाऊ. तो खरं तर सगळ्यात पुढं उभा राहू शकला असता. पण घरचं माणूस म्हणून मागं राहिला.

सांगायचं काय यांना? साहेब गेले, परत येणार नाहीत, तुमचा बिल्ला म्हणजे पितळेचा तुकडा? तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. तिनं कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा पुढं ओढला.

"नाव?"

भाजीवालीनं नाव सांगितलं.

"काय त्रास होतोय?"

"मला कुठं काय होतंय? मी त्या मशीनचं बोलायला..."

"तेच विचारतेय. काय त्रास होतोय? सांग, मी लिहिते."

भाजीवाली सांगत गेली, ताई लिहीत गेली. नवऱ्याला मशीनला न्यायचं तर दुकान कुणी बघायचं, बसच्या पायरीवर त्याला चढवणार कोण. "कधीपासून?" या रकान्यात ताईनं लिहिलं, "कालपासून." खोली नंबर एक. एक नंबर म्हणजे अधीक्षकांची खोली. नोंदलेला केसपेपर डॉक्टरनं वाचून सही करूनच बंद करायचा असतो, आणि तो फाडता येत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

एकेक करत दुपार झाली. शेवटी पेंटर आला. त्यानं बिल्ला ठेवला आणि पुठ्ठा वर धरला. ताईनं सगळ्यांना विचारलं तसंच विचारलं, "काय त्रास होतोय?" त्यानं वाचायला सुरुवात केली. पाटी फुकट रंगवायचं वाक्य आलं तेव्हा ताईची लेखणी थांबली. मग तिनं तेही लिहिलं, शब्द न् शब्द.

"काल तुला गप्प केलं रे मी," ती खाली बघत म्हणाली.

"नियम होता तो. पाटी मीच रंगवलीय की."

"चुलीत गेली ती पाटी!" ताई म्हणाली, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला तोंड फिरवून पदरानं नाक पुसलं.

अधीक्षक भित्रे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. पण चौसष्ट माणसं दाराबाहेर ओळीनं बसलेली बघून त्यांनाही नाही म्हणवेना. प्रत्येकाचं ऐकलं, प्रत्येक कागदावर सही केली आणि गठ्ठा बांधून समितीकडं पाठवला. गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पत्रात लिहिलं होतं की सदर मतं ठरलेल्या नमुन्यात नसल्यामुळे विचारात घेता येत नाहीत. सुनावणीत सहा नागरिकांनी मतं मांडली, सहाही अनुकूल. उपस्थितांपैकी कुणीही हरकत घेतली नाही. शेवटची ओळ ताईनं दोनदा वाचली. त्याच पाकिटात आणखी एक वस्तू होती, प्लास्टिकमध्ये गुळगुळीत बंद केलेली, सोनेरी काठाची. नंबरताईला प्रशस्तिपत्र! "जनसुनावणी शिस्तबद्ध व शांततापूर्ण वातावरणात पार पाडण्यात मोलाचं योगदान." खाली साहेबांची सही, लफ्फेदार.

मेलेल्याच्या तोंडात सोनं घालतात ना, तसा प्रकार. अधीक्षक म्हणाले, "खिडकीत लावा, ताई. मान आहे." ती ते फाडायला गेली तर प्लास्टिक फाटेना. घरी नेऊन चुलीत घालणार होती, पण पेंटरनं ते हातात घेऊन दोनदा हलवून बघितलं. "असू दे गं. वारा छान येतो. बसमध्ये उकडेल."

महिनाअखेरीस ट्रक आला आणि मशीन गेली. भिंतीवर एक, दोन, तीन, चार एवढे आकडे राहिले. मशीन तिकडं बसवेपर्यंत सहा दिवस गेले आणि पेंटरच्या दोन पाळ्या बुडाल्या. सातव्या दिवशी ताईनं रजा टाकली, आणि दोघं पहाटेच्या बसनं निघाली.

नवा दवाखाना चकचकीत. फरशी अशी की पाय ठेवायला भीती वाटावी. दाराशी एक यंत्र, बटण दाबलं की चिठ्ठी येते. पेंटरला एकशे बारा नंबर मिळाला. वर भिंतीवर लाल दिव्यांचा आकडा बदलत होता, तेव्हा तो अठरा होता. यंत्रापाशी उभ्या शिपायानं कागद बघून सांगितलं की याच्या झेरॉक्स हव्यात, बाहेरून आणा. ताई गेली. झेरॉक्सच्या दुकानात रांग होती, तिथंही ती निमूट उभी राहिली. परत यायला पाऊण तास लागला.

पेंटर बाकावर होता तसाच बसला होता, पण रंग गेला होता. ओठ काळपट. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि मांडीवर ते प्रशस्तिपत्र पडलं होतं, हलवायला हातात जोर नव्हता.

"अरे, काय होतंय?"

"दम... मघापासून."

"मग कुणाला सांगितलं नाहीस? माणसं आहेत ना इथं ढीगभर!"

"नंबर... आला नाही ना."

ताईनं वर बघितलं. एक्केचाळीस. ती खिडकीकडं धावली. "बाई, माझ्या भावाला श्वास येत नाहीये, आधी त्याला..."

खिडकीतली मुलगी वाईट नव्हती. तरुण होती, नीटनेटकी होती, समोर कागद ओळीनं लावलेले. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, नंबर आल्याशिवाय बोलायचं नाही. सगळे बसलेत ना?"

तोच आवाज. तीच मान कलती करायची लकब. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आम्ही काय येडे म्हणून बसलोय?" तिनं वळून बघितलं. सगळा हॉल तिच्याकडं बघत होता आणि बाकावर तिचा भाऊ, श्वास मिळत नसलेला तिचा भाऊ, ओशाळून तिच्याकडं बघत होता. त्यानं कसाबसा हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. गप, ताई. आपला नंबर आला नाही.

मग ती ओरडली. अठ्ठावीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो, सगळ्या काचा हादरल्या असतील. "मरतोय तो! ऐकू येतंय का कुणाला? मरतोय! नंबर घाला चुलीत आणि उठा!" तिनं खिडकीच्या कट्ट्यावर मुठी आपटल्या, ओळीनं लावलेले कागद खाली पडले, मुलगी घाबरून उभी राहिली, आतलं दार उघडलं. दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. पेंटरला उचलताना त्याच्या मांडीवरचं प्रशस्तिपत्र घसरून पडलं आणि खुर्चीचं चाक त्याच्यावरून गेलं. ताईनं ते उचललं नाही.

"रांग मोडली बाईनं," मागं कुणीतरी बोललं.

मोडलीच होती. त्या दुपारी, सात नंबर उभा राहिला होता तेव्हा, ती तिनं मोडायला हवी होती. आतल्या दारापाशी भिंतीला टेकून ती चार तास उभी राहिली. तिथं बसायला बाक होता, पण ती बसली नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये पेंटर तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. श्वास चालू होता. ती रस्ताभर तेवढंच बघत होती. मध्येच त्यानं डोळे न उघडता विचारलं, "ते वारा घ्यायचं कुठं गेलं गं?"

"पडलं," ती म्हणाली. "झोप तू. परवा परत यायचंय."